कमी पडणारं प्रथिन

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात रविवारची जेवणं चालली होती. साधं वरण, भात, तूप, लिंबाची फोड, बटाट्याची काचऱ्या भाजी, तळलेले पापड, कैरीचं लोणचं. बत्तीस वर्षांच्या मुलाच्या ताटातली वरणाची वाटी त्याच्या आत्यानं उचलली आणि बाजूला ठेवली. “तुला नको हे आता. किडनीला प्रोटीन चालत नाही,” ती म्हणाली. त्याच्या आईनं मान डोलावली. मुलगा काही बोलला नाही, त्यानं लोणच्याचा खार भातावर ओढून घेतला आणि पापड मोडला. आदल्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली होती. दोन्ही मूत्रपिंडांत बऱ्याच सिस्ट, म्हणजे पाण्यानं भरलेल्या पिशव्या, दिसल्या होत्या आणि ज्या पॉलिसिस्टिक किडनी नावाच्या आनुवंशिक आजारानं वडील डायलिसिसवर गेले, तोच आजार मुलालाही असल्याचं रिपोर्टातल्या चार ओळींनी सांगितलं होतं. क्रिएटिनिन मात्र ०.९ होतं, म्हणजे मूत्रपिंडांचं गाळण्याचं काम अजून उत्तम चालू होतं.

ती उचललेली वाटी मला खटकत राहिली. आत्याच्या मायेत काही उणं नव्हतं. पण ज्या आजाराचं सगळं रामायण एका प्रथिनाच्या टंचाईतून घडतं, त्या आजाराच्या माणसापुढून वरण हललं आणि मीठ तेवढं ताटात राहिलं. असं कितीतरी घरांत होत असणार. डाळीतलं प्रथिन जठरात आणि लहान आतड्यात तुटतं, त्याची सुटी अमिनो आम्लं होतात आणि मग ती रक्तात जातात. मूत्रपिंडाच्या पेशीत जे प्रथिन कमी पडतं ते डाळ खाऊन वाढत नाही आणि डाळ सोडून कमीही होत नाही. पेशी ते स्वतःच्या जनुकाच्या बरहुकूम रोज नव्यानं घडवते, तपासते आणि बऱ्याचदा स्वतःच मोडून टाकते. या घडण्या-मोडण्याबद्दल रुग्णाच्या घरात फारसं कुणी बोलत नाही. मला वाटतं, बोलायला हवं, कारण हा आजार “जनुक बिघडलं” एवढ्या दोन शब्दांत मावत नाही.

जनुकं मुख्यतः दोन. सोळाव्या गुणसूत्रावरचं पीकेडी१ सापडलं १९९४ मध्ये, चौथ्या गुणसूत्रावरचं पीकेडी२ १९९६ मध्ये. रुग्ण कुटुंबांपैकी सुमारे ७८ टक्क्यांत पहिलं जनुक बिघडलेलं असतं, १५ टक्क्यांच्या आसपास दुसरं, आणि उरलेल्यांत काही दुर्मिळ जनुकं. पीकेडी१ पासून तयार होणारं पॉलिसिस्टिन-१ हे अवाढव्य प्रथिन आहे. ४३०३ अमिनो आम्लांची एक साखळी, जी पेशीच्या पटलातून ११ वेळा आरपार जाते आणि जिचा सुमारे तीन हजार अमिनो आम्लांचा भाग पेशीबाहेर राहतो. पॉलिसिस्टिन-२ त्यामानानं लहान, ९६८ अमिनो आम्लांचं, पटल सहा वेळा ओलांडणारं. २०१८ मध्ये या दोघांच्या जोडरचनेचं जे चित्र मिळालं, त्यात एका पॉलिसिस्टिन-१ बरोबर तीन पॉलिसिस्टिन-२ दिसली. मूत्रपिंडातल्या नलिकेच्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर नलिकेच्या पोकळीत डोकावणारा एकच बारीक केसासारखा तंतू असतो, त्याला सिलियम म्हणतात. ही चौकडी त्या तंतूवर बसते. तिथं तिची हजेरी पुरेशी असेल तर पेशी आपल्या जागी शांत राहते. हजेरी घटली तर पेशी वाढायला लागते, नलिकेचा फुगा होतो आणि कालांतरानं तो नलिकेपासून तुटून वेगळी सिस्ट होतो.

आईवडिलांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आणि दुसऱ्याकडून चांगली, अशी जोडी घेऊन मूल जन्माला येतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक पेशीत पॉलिसिस्टिन निम्म्याच्या आसपास. तरीही प्रत्येक नलिकेला सिस्ट येत नाही. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिची नलिका, असतात आणि त्यांतल्या अगदी थोड्या टक्क्यांतच सिस्ट धरतात. असं का, याचं एक उत्तर १९९६ मध्ये मिळालं. सिस्टच्या अस्तरातल्या पेशी तपासल्या तर त्या एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या निघाल्या आणि त्यांतल्या काहींत चांगली प्रतही नंतर कधीतरी बिघडलेली आढळली. पण पुढच्या वर्षांत असंही दिसत गेलं की दुसरी प्रत पूर्ण जायलाच हवी असं नाही. पॉलिसिस्टिनची पातळी एका मर्यादेखाली घसरली की तेवढं पुरतं. निम्म्यावर पेशी भागवून घेते, त्याहून बऱ्याच खाली गेल्यावर तिला भागवता येत नाही.

म्हणून खरा प्रश्न असा, की घडलेल्या प्रथिनापैकी किती जागेवर पोचतं?

इथं पेशीच्या आतली मोडतोड समोर येते आणि मला या विषयात सर्वांत जास्त गुंतवणारा भाग हाच आहे. पॉलिसिस्टिन-१ ची साखळी एंडोप्लाझमिक रेटिक्युलम नावाच्या कोठारात विणली जाते. विणतानाच तिच्यावर ठिकठिकाणी साखरेचा एकेक झुबका चिकटवला जातो. झुबक्यात १४ साखररेणू, त्यांतली टोकाची तीन ग्लुकोजची. ग्लुकोसिडेज-१ हे विकर पहिलं ग्लुकोज काढतं, ग्लुकोसिडेज-२ उरलेली दोन. ही छाटणी होत असताना मदतनीस प्रथिनं साखळी धरून ठेवतात, तिची घडी नीट पडते की नाही हे पाहतात आणि पुन्हा पुन्हा संधी देतात. एवढी लांब साखळी बिनचूक घडी घालणं म्हणजे नऊवारी नेसण्यासारखं आहे, एक निरी चुकली की पुढचा काष्टा बसत नाही. ग्लुकोसिडेज-२ चा एक भाग ज्या जनुकातून येतो ते जीएएनएबी, दुसऱ्या भागाचं पीआरकेसीएसएच, आणि मदतनीसांपैकी एकाचं डीएनएजेबी११. यांतलं काहीही बिघडलं तर पॉलिसिस्टिनचं स्वतःचं जनुक धडधाकट असूनही यकृतात किंवा मूत्रपिंडात सिस्ट येतात. जीएएनएबीची गोष्ट २०१६ मध्ये पुढे आली, डीएनएजेबी११ ची २०१८ मध्ये. सूचना बरोबर, माल बरोबर, पण घडी घालणारे हात कमी पडले म्हणून तोच आजार. बिघाड नेमका कशाचा होतो, हे यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशातून क्वचितच दिसत असेल.

घडी जमली नाही तर त्या साखळीला कोठारातून मागे ओढून पेशीद्रवात आणलं जातं आणि तिच्यावर युबिक्विटिनची खूण चढते. युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन. ते तीन हातांतून जातं. पहिलं विकर ते एटीपीची ऊर्जा खर्चून कामाला जुंपतं, दुसरं ते वाहून नेतं, आणि तिसरं नेमकं कुणावर चिकटवायचं ते ठरवतं. माणसात ही तिसऱ्या जातीची विकरं सहाशेच्या वर आहेत, कारण निवड तीच करतात. एका युबिक्विटिनच्या ४८ व्या जागच्या लायसिनवर दुसरं, त्यावर तिसरं, अशी चारेक जणांची साखळी झाली की प्रोटिआसोम हे पेशीतलं मोडतोडीचं यंत्र ती ओळखतं. प्रोटिआसोमचा गाभा हा सात-सात घटकांची चार कडी एकावर एक रचलेला पोकळ दंडगोल. कापणारी पाती आतल्या बाजूला आणि तोंडावर झाकण, त्यामुळे वाट चुकलेलं चांगलं प्रथिन सहज आत पडत नाही. झाकणाशी युबिक्विटिन काढून घेतलं जातं, ते पुन्हा वापरात येतं. साखळी उलगडून आत ओढली जाते आणि तिचे काही मोजक्या अमिनो आम्लांचे तुकडे बाहेर पडतात.

पेशीतलं प्रथिन मोडायला ऊर्जा लागते हे १९५३ मध्येच लक्षात आलं होतं आणि ते कुणाला नीट समजत नव्हतं, कारण बंध तुटताना तर ऊर्जा सुटायला हवी. हैफाचे अव्हराम हर्शको आणि अ‍ॅरन सिकॅनोव्हर, आणि फिलाडेल्फियाचे अर्विन रोज यांनी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींच्या अर्कावर काम करून उलगडा केला. ऊर्जा खर्च होते ती निवडण्यात, खूण करण्यात आणि उलगडण्यात. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. पेशी इतकी किंमत मोजून मोडते याचा अर्थ ती मोडतोड तिला जगायला अत्यावश्यक आहे. म्हणून प्रोटिआसोमला खलनायक ठरवणं मला पटत नाही. पण त्याची छाननी कडक आहे, आणि कधीकधी जरुरीपेक्षा कडक.

याचं उत्तम उदाहरण पॉलिसिस्टिन-१ मधल्या एका बदलाचं आहे. ३२७७ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन. साखळी पूर्ण तयार होते, एकच मणी वेगळा. हे प्रथिन तापमानाला हळवं आहे. पेशी थंड तापमानात वाढवल्या तर त्याची घडी अधिक चांगली पडते आणि ते जास्त प्रमाणात पुढे जातं. म्हणजे काम करण्याची कुवत त्यात शिल्लक असते, शरीराच्या नेहमीच्या तापमानात ते छाननीत अडकतं. उंदरांमध्ये दोन्ही प्रती याच बदलाच्या ठेवल्या तर सिस्ट हळूहळू वाढतात. एक प्रत अशी आणि दुसरी पूर्ण निकामी ठेवली तर आजार झपाट्यानं येतो. हा २०१२ चा अभ्यास. सगळा फरक शेवटी किती तयार माल सिलियमपर्यंत पोचला याचा. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसाच्या आनुवंशिक आजारात असंच घडतं. तिथल्या सीएफटीआर या क्लोराइडच्या वाहिनीत ५०८ व्या जागचा एक मणी गळतो आणि बरीचशी वाहिनी घडीच्या तपासणीत बाद होऊन मोडली जाते. त्या आजारात घडी सावरणारी औषधं आज रोजच्या वापरात आहेत. मूत्रपिंडाच्या आजारासाठी तोच मार्ग धरला तर चालेल का, हा प्रश्न आता हवेतला राहिलेला नाही, काही ठरावीक बदलांसाठी अशा औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.

मग प्रोटिआसोमच बंद करावं का? २०११ मध्ये उंदरांवर हा प्रयत्न झाला. घडी घालणाऱ्या यंत्रणेतली जनुकं काढून टाकलेल्या उंदरांत प्रोटिआसोम रोखणारं औषध दिल्यावर पॉलिसिस्टिन-१ ची पातळी वाढली आणि सिस्ट कमी झाल्या. तत्त्व म्हणून हे फार मोलाचं. पण अशी औषधं माणसात २००३ पासून मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी वापरतात आणि हातापायांच्या नसांना मुंग्या-वेदना, प्लेटलेट घटणं हे त्यांचे नेहमीचे त्रास. मूत्रपिंडाच्या आजाराला तीस-चाळीस वर्षं औषध घ्यायचं, आणि तेही एका प्रथिनाला वाचवण्यासाठी पेशीतली सगळीच सफाई तुंबवून. हे कुणी करू नये.

प्रत्येक तोडणं म्हणजे नाश, असंही नाही. पॉलिसिस्टिन-१ ला कामाचं होण्यासाठी स्वतःला एकदा कापून घ्यावं लागतं. ३०४९ व्या जागच्या थ्रिओनिनच्या अलीकडे ते आपलं आपण तुटतं आणि तुटल्यावरही दोन्ही भाग एकमेकांना बिलगून राहतात. उंदरांत या जागचा मणी बदलून कापणंच अशक्य केलं, तर प्रथिन भरपूर तयार होऊनही जन्मानंतर काही आठवड्यांत मूत्रपिंड सिस्टनी भरून जातं. शिवाय शेपटाकडून निघणारे तुकडे निरोप्याचं काम करतात. २००४ मध्ये एक तुकडा केंद्रकात जाताना दिसला. २००६ मध्ये दुसरा एक तुकडा स्टॅट६ या संदेशवाहकाशी संबंध ठेवताना आढळला. पुढे असाच भाग मायटोकाँड्रियात सापडला आणि २०२३ मध्ये उंदरांच्या मूत्रपिंडात शेवटची फक्त २०० अमिनो आम्लं घडवून आणली तरी आजार बराच मंदावला. ४३०० पैकी २००! मोठ्या जनुकाला उपचारासाठी पेशीत पोचवणं अवघड असतं, म्हणून या लहान तुकड्याकडे लोक आशेनं बघतात. उंदीर आणि माणूस यांतलं अंतर मात्र या आजारात अनेकदा फसवं ठरलं आहे, ते विसरता कामा नये.

पॉलिसिस्टिन कमी पडल्यावर पेशीच्या आतले संदेश कसे उलटतात, हे समजलं की औषधंही समजतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं, ते मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांवरच्या व्ही२ ग्राहकावर, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर, बसतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो. निरोगी पेशीत यानं पाणी राखलं जातं आणि पेशींचं विभाजन उलट दबलेलं राहतं. पॉलिसिस्टिन घटलेल्या पेशीत कॅल्शियमची पातळी खाली येते, आणि मग हाच संदेश नेमकं विरुद्ध काम करतो. एरवी बंद असलेलं बी-रॅफ हे विकर जागं होतं, त्यातून एमईके, त्यातून ईआरके, आणि पेशी दुपटीला लागते. निरोप तोच, फक्त ऐकणारी पेशी बदललेली. त्याच सायक्लिक एएमपीमुळे सीएफटीआरची वाहिनी उघडते, क्लोराइड सिस्टच्या आत जातं, त्याच्या मागे सोडियम आणि पाणी. फुप्फुसाच्या आजारात जी वाहिनी कमी पडते, तीच इथं जास्त काम करून सिस्ट भरत राहते. पेशी वाढतात आणि आत पाणी साठतं, दोन्ही एकाच संदेशानं.

टोल्व्हाप्टन हे औषध व्ही२ ग्राहक अडवतं. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या १४४५ रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची मूत्रपिंडं वर्षाला २.८ टक्क्यांनी वाढली, न घेणाऱ्यांची ५.५ टक्क्यांनी. बरं करत नाही, वेग कमी करतं. त्याची किंमतही आहे. पाणी राखण्याचा संदेशच अडवल्यामुळे दिवसाला पाच-सहा लिटर लघवी होते, रात्री उठावं लागतं. सुरुवात बहुधा सकाळी ४५ आणि आठ तासांनी १५ मिलिग्रॅमनं, सोसलं तर ९० आणि ३० पर्यंत. यकृताला इजा होऊ शकते, म्हणून रक्ततपासणी सुरुवातीला, मग दोन आणि चार आठवड्यांनी, मग दीड वर्षं दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. हे औषध घेणारा माणूस मांडवीच्या गर्दीत दुपारी बाटलीशिवाय निघाला तर त्याला चक्कर येऊ शकते. जुलाब-उलट्या लागल्या तर औषध त्या दिवसांपुरतं थांबवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक कुणी लिहून दिलं तर आधी टोल्व्हाप्टन चालू असल्याचं सांगायचं, कारण त्यानं रक्तातलं टोल्व्हाप्टन वाढतं.

नुसतं पाणी जास्त पिऊन व्हॅसोप्रेसिन दाबता येईल, ही कल्पना साधी आणि स्वस्त होती. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तीन वर्षांच्या चाचणीत, जास्त पाणी पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांची वाढ काही मंदावलेली दिसली नाही. तरी मूत्रपिंडाचं काम चांगलं असेपर्यंत दिवसभरात विभागून दोन-तीन लिटर पाणी प्यावं, असं २०२५ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगते. खडे होण्याची प्रवृत्ती या आजारात जास्त असते, त्यालाही ते बरं.

आता ताट. मूत्रपिंडाचं काम उतरलेलं असताना वजनाच्या दर किलोला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिन दिवसाला पुरतं. साठ किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. तुरीच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिन असतं. पातळ वरणाच्या वाटीत २५ ग्रॅम डाळ धरली तर साडेपाच ग्रॅम. ज्याचं क्रिएटिनिन ०.९ आहे, त्यानं ती वाटी सोडण्याचं काहीच कारण नाही. सोडायचंच असेल तर मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि यात सगळं आलं. सकाळची सेव-उसळ, तिच्यावरची तिखट तर्री आणि मूठभर शेव, दुपारचा पापड, संध्याकाळी लीलो चिवडो, कधी भाकरवडी, कधी फाफड्यासोबत तळलेल्या खारवलेल्या मिरच्या. बडोद्यातल्या आपल्या लोकांच्या खाण्यात मीठ इतक्या वाटांनी येतं की वरून घ्यायचं सोडूनही पाचाचे दहा ग्रॅम सहज होतात. मिठानं रक्तदाब वाढतो आणि या आजारात क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी, विशी-तिशीतच, रक्तदाब वर गेलेला असतो. २०१४ च्या एका मोठ्या चाचणीत पन्नाशीच्या आतल्या, मूत्रपिंड अजून चांगलं असलेल्या रुग्णांचा रक्तदाब ९५ ते ११० आणि ६० ते ७५ च्या दरम्यान ठेवला, तेव्हा मूत्रपिंडांची वाढ नेहमीच्या लक्ष्यापेक्षा १४.२ टक्क्यांनी मंदावली. घरी दंडाला बांधायचं यंत्र घेऊन सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहावं. दुखलं की केमिस्टकडून वेदनाशामक गोळी आणण्याची सवय मोडावी, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला खरंच जड जातात.

रिपोर्टमध्ये “मोठी मूत्रपिंडं” एवढंच लिहिलेलं मला पुरेसं वाटत नाही. क्रिएटिनिन वीस-वीस वर्षं सरळ राहतं, कारण उरलेले नेफ्रॉन जास्तीचं काम करून झाकून घेतात. तोपर्यंत आकारच खरं सांगतो. एमआरआयवर लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिघांचा गुणाकार करून ०.५२३६ नं गुणायचं. समजा उजवं १६, ८, ७, म्हणजे सुमारे ४६९ मिलिलिटर. डावं १५, ८, ७, सुमारे ४४०. बेरीज ९०९. उंची १.६५ मीटर, भागून ५५१. वय ३२ असेल तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वर्गवारीत हा माणूस १सी गटात बसतो, म्हणजे वर्षाला तीन ते साडेचार टक्के वाढ. औषधाचा विचार बहुधा इथूनच सुरू होतो. १ए हा सर्वांत हळू वाढीचा गट असेल तर घाई करण्याचं कारण नसतं. त्या ताटावर बसलेल्या मुलाला कुणी हा आकडा काढून दिला असता, तर वर्षानुवर्षांच्या भीतीतला बराच भाग आटोक्यात आला असता.

घरातल्या बाकीच्यांचंही पाहायला हवं, आणि इथं बडोदं काय, पुणं काय, सगळीकडे एकच चूक होते. तपासणी मुलांची होते, भावंडांची राहते. आजारी माणसाच्या सख्ख्या बहिणीलाही हा आजार असण्याची शक्यता निम्मी असू शकते. चाळिशी ओलांडलेल्या बहिणीची साधी सोनोग्राफी केली आणि दोन्ही मूत्रपिंडं मिळून दोनपेक्षा कमी सिस्ट निघाल्या, तर आजार नाही असं म्हणता येतं. १५ ते ३९ वयात, घरात आजार माहीत असताना, दोन्ही मिळून तीन किंवा जास्त सिस्ट म्हणजे आजार आहे. ४० ते ५९ मध्ये प्रत्येक मूत्रपिंडात दोन, साठीनंतर प्रत्येकी चार. विशी-तिशीत सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून मात्र पूर्ण निर्धास्त होता येत नाही, आणि कुणी भावाला किंवा वडिलांना मूत्रपिंड द्यायला निघालं असेल तर जनुकतपासणीशिवाय पुढे जाऊच नये.

जनुकतपासणीत एक खाच आहे. सोळाव्या गुणसूत्रावर पीकेडी१ च्या बऱ्याच भागाच्या सहा नकली प्रती आहेत, मूळ जनुकाशी जवळजवळ तंतोतंत जुळणाऱ्या. नेहमीच्या पद्धतीनं वाचलं तर यंत्राला अस्सल आणि नक्कल यांत गल्लत होते आणि खरा बदल निसटतो. पैसे भरण्यापूर्वी लॅबला विचारावं, की पीकेडी१ साठी लांब तुकड्याचं पीसीआर (जनुकाच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) किंवा अशा नकली प्रतींना बाजूला ठेवणारी वेगळी पद्धत वापरता का. बदल कोणत्या जातीचा आहे यावर बरंच ठरतं. पश्चिम फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पीकेडी१ ची साखळीच अर्धवट तोडणाऱ्या बदलांत मूत्रपिंडं निकामी होण्याचं मध्यक वय ५५ होतं, एखादाच मणी बदलणाऱ्यांत ६७ आणि पीकेडी२ वाल्यांत ७९. पहिल्या गटात त्या प्रतीतून वाचवण्याजोगं प्रथिनच फारसं तयार होत नाही. दुसऱ्या गटात ते तयार होतं आणि छाननीत अडकतं, आणि घडी सावरणाऱ्या औषधांचा उपयोग झालाच तर याच लोकांना होईल. म्हणून “पीकेडी१ पॉझिटिव्ह” एवढ्यावर रिपोर्ट संपवू देऊ नये. कोणत्या जागी कोणतं अमिनो आम्ल बदललं, ती पूर्ण ओळ लिहून घ्यावी, एमआरआयच्या मापांसोबत फाइलला लावावी आणि तिची एकेक प्रत घरातल्या प्रत्येक रक्ताच्या नातलगाकडे द्यावी. त्यांची तपासणी मग त्या एका जागेपुरती करता येते, स्वस्तात आणि खात्रीनं.